गाणं अख्खं पाठ, पण बोलले की समोरच्याला कळत नाही: चिनी शिकणाऱ्यांनी कृपया सांगा

पऱ्हाटी (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. इथे कोणी चिनी शिकलेलं आहे का? मला खरंच मदत हवी आहे.

मी बी.ए. झाले, घरीच असते. सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. लॉकडाऊनमध्ये चुलत बहिणीसोबत मोबाईलवर हिंदीत डब केलेल्या चिनी मालिका पाहायला लागले. मग एकदा मूळ आवाजात एक भाग पाहिला आणि परत डबिंगकडे वळले नाही. डबिंगमध्ये आई रडते ते रडणंसुद्धा दुसऱ्या कोणाचं तरी वाटायचं. मालिकांवरून गाण्यांवर आले. दोन वर्षांत सोळा गाणी पाठ केली. तेरेसा तेंगचं ते चंद्राचं गाणं झोपेतून उठवलं तरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणते. नुसती पोपटपंची नाही, ओळीओळीचा अर्थ वहीत लिहिला आहे.

गेल्या महिन्यात भाषा शिकणाऱ्यांच्या एका ॲपवर मलेशियातल्या चिनी बोलणाऱ्या एका ताईंशी ओळख झाली. त्या हिंदी शिकतात. मी त्यांना तीन वाक्यं बोलून पाठवली: माझं नाव अमुक, मी गावात राहते, माझे बाबा कापूस विकतात. त्यांचं उत्तर आलं, "बाबा कापूस विकत घेतात? म्हणजे तुमची सूतगिरणी आहे का?" मी परत सांगितलं, विकतात. त्या म्हणाल्या, हो, घेतात, कळलं. असं चार वेळा झालं. शेवटी लिहून पाठवलं तेव्हा उलगडा झाला.

पुढे मी चंद्र हा शब्द बोलले, तर त्यांनी "काय म्हणालीस?" असं विचारलं. तोच शब्द गाऊन पाठवला तर लगेच ओळखला आणि पुढची ओळ त्यांनीच म्हटली. त्या रात्री मला झोप आली नाही. दोन वर्षं ज्याला जीव लावला ते बोलायच्या कामाचंच नाही का?

यवतमाळला शिकवणारं कोणी सापडलं नाही. घरात नेटवर्क येत नाही, स्लॅबवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की दोन काड्या येतात. जे करायचं ते मोबाईलवर, आणि एकदा उतरवून ठेवलं की पुरेल असं. गाणी-मालिकांवरून शिकणं चूक आहे की माझी पद्धत चूक आहे, एवढं सांगा.

संत्रानगरी (नागपूर)

चूक काहीच नाही. पण सोबत परीक्षेचं अंग ठेव. जुन्या सहा पायऱ्यांच्या एचएसके (चिनी भाषेच्या) परीक्षेत पहिल्या पायरीला 150 शब्द लागायचे आणि दुसरीला 300. ते शब्द रोजच्या जगण्यातले आहेत, गाण्यात ते फारसे येत नाहीत. गाण्यात चंद्र, अश्रू, आठवण भरपूर. तिकीट, दवाखाना, किती पैसे, हे तिथे मिळत नाही. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात परदेशी भाषांमध्ये चिनीही शिकवतात. दारव्ह्याहून वर्धा दिल्लीएवढं लांब नाही, चौकशी कर.

खंजिरीवाला (तिवसा तालुका, अमरावती)

ताई, तुझा कान खराब नाही आणि पद्धतही निम्मी बरोबर आहे. उरलेली निम्मी सांगतो. मोठं लिहिणार आहे, सावकाश वाच.

मी शेतकरी आहे आणि आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. 2010 ते 2012 पूर्व विदर्भात एका खासगी वीज प्रकल्पाचं उभारणीचं काम चालू होतं, तिथे स्टोअरला होतो. यंत्रसामग्री चीनची, ती बसवायला माणसंही तिकडचीच. त्यांच्यात पन्नाशीचा एक फिटर होता, सिचुआन प्रांतातला. सगळे त्याला शि-फू म्हणायचे. शि-फू म्हणजे आपला मिस्त्री. हातात कसब असलेल्या माणसाला मानानं असंच म्हणतात. त्याला इंग्रजी येत नव्हतं, माझंही बेताचंच. दुभाषा एकच, तो साहेबांच्या मागं फिरायचा. मग आम्ही दोघांनी आपलं आपण भागवलं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. त्यानं बोल्ट मागितले. मला ऐकू आलं चौदा, मी चौदा नग मोजून दिले. त्याला पाहिजे होते चाळीस. चिनीत चार म्हणजे 'स्स', दाताशी. दहा म्हणजे 'ष्ष', जीभ मागे वळवून. चौदा म्हणजे दहा-चार, चाळीस म्हणजे चार-दहा. आता सिचुआनकडच्या लोकांच्या बोलण्यात श चा स होतो, जसा आपल्याकडे डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया होतो. त्यामुळे त्याच्या तोंडून दोन्ही आकडे 'स्स-स्स' असेच निघायचे. मी म्हटलं, बाप्पा, याच्यात ओळखू काय?

तेव्हा त्यानं पान्हा खाली ठेवला. चार बोटं वर धरली, मग दोन्ही हातांच्या तर्जन्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवल्या. फुली म्हणजे दहा. फुली दाखवताना हात खालून वर नेला, चार दाखवताना वरून खाली आपटला. दहा चढतो, चार पडतो. चौदा: चढ आणि पड. चाळीस: पड आणि चढ. ग्रीसनं काळ्या झालेल्या त्या हाताचा चढउतार मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. त्या दिवसानंतर मी अक्षर ऐकणं सोडलं आणि चाल ऐकायला लागलो. बोल्टाचा आकडा परत चुकला नाही. त्यांच्याकडे लहान पोरं यावर जीभ वळवायला म्हणतात: चार ते चार, दहा ते दहा, चौदा ते चौदा, चाळीस ते चाळीस. आपलं कच्चा पापड पक्का पापड तसं. ते शोधून ऐक.

आता तुझ्या कापसाकडे येतो. विकत घेणं म्हणजे 'माय', विकणं म्हणजेही 'माय'. उच्चार एकच, फरक सुराचा. चिनीत असे चार सूर आहेत, सूर बदलला की अर्थ बदलतो. घेण्याचा माय तिसऱ्या सुरात, खाली बसलेला, जड. विकण्याचा माय चौथ्या सुरात, वरून खाली सटकन पडणारा. कुत्र्याला आपण 'हाड!' म्हणतो, तसा पडला पाहिजे. तू तो सौम्यपणे, खालच्या आवाजात म्हटला असशील, म्हणून त्या ताईंना घेणं ऐकू आलं. त्यांची चूक नाही. उरलेले दोन सूर सांगून टाकतो. पहिला उंच आणि सपाट, पेटीची पट्टी दाबून धरावी तसा. दुसरा चढता, नीट ऐकू आलं नाही की आपण 'हं?' करतो तसा.

हे तुला दोन वर्षांत गाण्यांनी का सांगितलं नाही? कारण गाण्यात सुरावर हक्क चाल बांधणाऱ्याचा असतो. प्रमाण चिनीत गाणं गाताना अक्षराचा स्वतःचा चढउतार बाजूला राहतो आणि चालीचा चढउतार लागतो. ऐकणाऱ्याला पुढच्या-मागच्या शब्दांवरून अर्थ लागतो. हाँगकाँगकडच्या कँटनीज गाण्यांत बोलीच्या सुरांना धरून चाल जुळवतात, पण ती बोली वेगळी, तू शिकतेस ती नव्हे. चंद्र म्हणजे 'युए-ल्यांग'. बोलताना युए वरून पडतो आणि ल्यांग हलकासा, जाता जाता. गाण्यात दोन्ही अक्षरं सारखी वजनदार. तू बोलतानाही त्याला गाण्यातलंच वजन दिलं असणार. तो शब्द तू हजार वेळा म्हटलास, पण बोललेला असा एकदाही ऐकला नाहीस, एवढंच झालंय.

उलटंही मी पाहिलं आहे. संध्याकाळी लेबर कॉलनीत आम्ही खंजिरी घेऊन बसायचो तर शि-फू मागं येऊन बसायचा. महिनाभरात धृपद आमच्यासोबत सुरात उचलायला लागला, एक मात्रा चुकत नव्हता. पण पाणी पाहिजे असलं की ग्लास दाखवायचा. त्याला आमचं भजन येत होतं, मराठी येत नव्हती. मग मी त्याला भजनाच्याच रीतीनं बोलणं शिकवलं, आणि त्यानं मला. भजनात म्होरक्या एक ओळ म्हणतो, झिलकरी तीच ओळ तशीच उचलतात. 'तशीच' यात सगळं आलं. अर्थ समजावत कोणी थांबत नाही. आम्ही तसंच केलं, फक्त ओळ गाण्याची नाही, बोलण्याची: "पाणी दे", "हे किती?", "आज फार ऊन आहे". तो म्हणायचा, मी उचलायचो. चुकलं की तो हातानं चाल दाखवायचा.

तू मालिकेला म्होरक्या कर. घरगुती मालिकेतला एक प्रसंग घे, जेवणाच्या टेबलावरचा असला तर उत्तम. दोन मिनिटांच्या वर नको. एका वेळी एक वाक्य. दहादा ऐक, अकराव्यांदा त्याच्यासोबत म्हण, मग एकटीनं म्हणून मोबाईलमध्ये भर आणि दोन्ही लागोपाठ ऐक. तुझा आवाज कुठं चढायचा राहिला ते तुझं तुलाच कळेल. सोळा गाणी सुरात म्हणणाऱ्या मुलीला ते कळणारच. एक प्रसंग आठवडाभर पुरतो, नेटवर्कही एकदाच लागतं. मी अजूनही रात्रीची लाईन असली की ओलिताला जाताना एक प्रसंग कानात लावतो. बांधावर कोणी नसतं, मोठ्यानं म्हणता येतं.

अजून एक, मराठी माणसाच्या फायद्याचं. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पिनयिनवर जाऊ नको. ती 1958 पासूनची लिपी, त्यांच्या सोयीची. त्यातल्या बी आणि पी या अक्षरांना लोक ब आणि प म्हणतात. खरं तर ते आपले प आणि फ आहेत (फणसातला फ, ओठ मिटून). डी-टी म्हणजे त-थ, जी-के म्हणजे क-ख. इंग्रजीवाल्याला हा फरक महिनोन्‌महिने ऐकू येत नाही, आपण तो अंगणवाडीपासून बोलतो. आणि आपल्याकडे च दोन आहेत: चार बैलांतला च वेगळा, बैलांच्या चाऱ्यातला च वेगळा. चाऱ्यातला च म्हणजे त्यांचं झेड. हिंदीवाल्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो. म्हणून वही देवनागरीतच ठेव आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चालीची खूण कर: आडवी रेघ, चढती रेघ, खळगा, पडती रेघ. भजनाच्या वहीत आपण करतोच तसं.

गाणी सोडू नको. शब्द आयुष्यभर टिकतात ते गाण्यानंच. फक्त गाण्यातला प्रत्येक नवा शब्द एकदा कोणाच्या तरी बोलण्यात ऐकल्याशिवाय बोलायला काढू नको.

वडशाचा नट (देसाईगंज, गडचिरोली)

खंजिरीवाल्या भाऊंशी पूर्ण सहमत. मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की तालमीला वेळ कमी, नाटक रात्रभराचं. आमच्यातले दोन जुने कलावंत वाचू शकत नाहीत. दुसरा वाचून दाखवतो आणि ते ऐकून ऐकून अख्खी भूमिका उभी करतात. त्यांचं लक्ष शब्दावर आधी नसतं, वाक्य कुठं उचललं आणि कुठं टाकलं त्यावर असतं. शब्द मागून येतात. ताई, उभं राहून, हातवारे करून म्हणा. बसून म्हटलेलं वाक्य अंगात राहत नाही.

वाशीमची बाई

मी हायस्कूलला शिकवायचे, आता निवृत्त आहे. पाच वर्षांपासून घरीच चिनी शिकते, तेव्हा तुझी तळमळ कळते गं. मालिका निवडण्याबद्दल सांगते, कारण माझं पहिलं वर्ष चुकीच्या मालिकांत गेलं.

राजवाड्याच्या मालिका दिसायला फार देखण्या, पण त्यांतली भाषा बोलायची नाही. बादशहा स्वतःला 'चन्' म्हणतो, राण्या स्वतःला 'छन्-छिए' म्हणतात. आजच्या बाजारात कोणी असं बोलत नाही. आपण किराणा दुकानात बखरीच्या भाषेत साखर मागावी तसं होईल. आजच्या काळातल्या, कुटुंबाच्या मालिका घे. त्यांतही बऱ्याच ठिकाणी पडद्यावरच्या नटाला वेगळ्या आवाजाच्या कलाकाराचा आवाज दिलेला असतो, पण तो चिनीतच आणि अगदी स्वच्छ. शिकणाऱ्याला ते सोयीचं पडतं.

इंग्रजी सबटायटल बंद कर. तिकडच्या जवळजवळ सगळ्या मालिकांवर खाली चिनी अक्षरं छापलेलीच असतात, कारण त्यांच्याकडे बोली फार आणि लिपी एक. इंग्रजी ओळ सगळ्यांना अंकल आणि आंटी करून टाकते. चिनीत वडिलांचा मोठा भाऊ पो-पो, धाकटा शू-शू, आईचा भाऊ च्यो-च्यो. आत्या कू-कू आणि मावशी यी-मा. काका, मामा, आत्या, मावशी आपल्यासारखेच वेगवेगळे. मराठी घरातल्या मुलीला हे एका दिवसात पाठ होतं, आणि मग प्रसंगात कोण कोणावर का रागावलंय ते आपोआप कळतं. भेटल्यावर "छ-ल मा?" म्हणतात, म्हणजे जेवलीस का. आपल्याकडे आणखी काय विचारतात?

अक्षरांची भीती वाटत असेल तर तुझ्याच वावरापासून सुरू कर. शेताचं अक्षर म्हणजे चौकोन आणि त्याच्या आत अधिकचं चिन्ह, धुरे पाडलेलं वावर वरून पाहावं तसं. कापूस म्हणजे 'म्येन-ह्वा'. त्यातलं म्येन कसं लिहितात बघ: डाव्या हाताला झाड, उजव्या हाताला वर पांढरा, त्याच्या खाली कापड. झाड, पांढरं, कापड. हे अक्षर पहिल्यांदा फोडून पाहिलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच पिकवलं.

विषय निघालाच आहे तर एक सांगते. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आपल्याकडच्या मुलांना सांगितलंच जात नाही. कोटणीस तिथेच राहिले, चिनी शिकले, 1942 मध्ये तिथेच गेले. त्यांच्या मुलाचं नाव यिन-ह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. तो आमच्या वडिलांनी पाहिला होता. त्यांनी चीन हा शब्द मला त्या गोष्टीतून पहिल्यांदा सांगितला.

पऱ्हाटी

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, वेचणी चालू होती.

भाऊ, तुमचं वाचून त्याच रात्री बसले. एका मालिकेतला सासू-सुनेचा भाजी निवडतानाचा प्रसंग घेतला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्यात एकोणीस वाक्यं आहेत. अकरा दिवसांत बारा झाली. पहिल्या दिवशी दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले तेव्हा मला धक्का बसला. माझं प्रत्येक वाक्य शेवटाला गाण्यासारखं लांबत होतं. त्या सासूचं वाक्य तुटतं तिथे माझं ओढलं जात होतं.

वडशाच्या दादा, स्लॅबवर उभी राहून म्हणते. आई पहिल्या दिवशी खालून ओरडली, "कोनाशी भांडू राह्यली वं?" आता तिलाही दोन वाक्यं येतात.

बाई, म्येनचं अक्षर बाबांना काढून दाखवलं. त्यांनी ते कापसाच्या बोऱ्यावर खडूनं उतरवलं, झाड थोडं वाकडं आलं. त्यांनी विचारलं, यात सरकी कुठंय? मला उत्तर देता आलं नाही.

आणि मुख्य गोष्ट. काल मलेशियाच्या ताईंना परत बोलून पाठवलं: माझे बाबा कापूस विकतात. माय वरून खाली, हाड म्हणतो तसा. त्यांचं उत्तर लगेच आलं, "यावर्षी काय भाव मिळाला?" मी मोबाईल हातात धरून उभी. त्यांनी घरच्या माणसासारखं विचारलं. आम्हाला क्विंटलला सात हजार मिळाला. सात हजार कसं म्हणायचं, आणि क्विंटल त्यांना कळेल का? आजच उत्तर द्यायचं आहे.

खंजिरीवाला

ताई, फार बरं वाटलं. सात हजार म्हणजे 'छी-छ्येन'. दोन्ही अक्षरं पहिल्या सुरातली, पट्टी दाबून धर आणि सोडू नको. क्विंटल सांगू नको, शंभर किलो सांग. किलोला 'कुंग-चिन' म्हणतात. तीही दोन्ही अक्षरं पहिल्या सुरात. रुपये आहेत हे मात्र आधी सांग, नाहीतर त्या त्यांच्याकडच्या चलनात मोजतील.